पाठकोरे कागद

मुंबईहून आलेलं पत्र चनमल्लप्पाने तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तो चादरींच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. विकाऊ मालावर बसणं दुकानात गुन्हा होता. पण त्या क्षणी त्याला गठ्ठा, खुर्ची आणि जमीन यांतला फरक कळत नव्हता.

पत्र टेलिव्हिजनच्या निर्मात्यांचं होतं. 'आपले लेखन अप्रतिम आहे,' त्यांनी लिहिलं होतं. 'शेळीने चादर खाल्ल्यावर शेठजी तिच्या मालकाला आभाराचे पत्र लिहितात, तिथे आमची माणसे पोट धरून हसली. आम्ही हे सादर करीत आहोत. अशी आणखी पत्रे पाठवावीत. ता. क. कागदांच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काही कच्चे लिखाण दिसते. ते चुकून आले असावे. दुर्लक्ष केले आहे.'

त्या कच्च्या लिखाणाचं नाव होतं 'गावजावयाची वरात'. चौदा पानांचं विनोदी नाटुकलं, आणि ते लिहायला चनमल्लप्पाला सहा महिने लागले होते. पुढच्या बाजूला जे होतं, ते त्याच्या लेखी लेखनच नव्हतं. ती त्याच्या मालकांची, चादरवाल्या शिवप्पांची, कधीच न पाठवलेली पत्रं होती.

आता हा घोटाळा झाला कसा, हे समजायचं तर आधी शिवप्पांचा राग समजून घ्यायला हवा. सोलापुरात चाटी गल्लीत त्यांचं दुकान. माणूस मनाने लोण्यासारखा, पण आठवड्यातून एकदा तरी त्यांचा पारा चढायचाच. त्याला कारण काहीही चालायचं. मालमोटारीने गठ्ठे भिजवून आणले, रंगवाल्याचा लाल रंग विटला, शेजाऱ्याच्या शेळीने चादरीच्या दशा खाल्ल्या. पारा चढला की शिवप्पा गादीवर मांडी ठोकून बसायचे, तोंडात पान भरायचे आणि म्हणायचे, "चनमल्ला, कागद घे." मग त्या पानातून निम्मं मराठी, निम्मं कन्नड असं काहीतरी सुसाट बाहेर पडायचं. चनमल्लप्पा कारकून, तो ते शिस्तीत कागदावर उतरवायचा. पत्र पुरं होईस्तोवर पानही संपलेलं असायचं आणि रागही. शिवप्पा पिंक टाकून म्हणायचे, "राहू दे आज. उद्या बगू." तो उद्या नऊ वर्षांत उगवला नव्हता.

ही पत्रं फाडायची सोय नव्हती, कारण प्रत्येकाच्या माथ्यावर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' लिहिलेलं. देवाचं नाव फाडणार कोण, आणि त्यावर काट तरी मारणार कोण? चनमल्लप्पा ती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायचा आणि संक्रांतीच्या आधी सगळी मिळून सिद्धेश्वराच्या तळ्यात सोडून यायचा. पण त्या साली कागदाची टंचाई आली. नाटुकलं लिहायला कागद मिळेना, तेव्हा त्याने पेटीतल्या पाठकोऱ्या कागदांचा आसरा घेतला. मागच्या बाजूला लिहिलं, खोडता यावं म्हणून पेन्सिलीने लिहिलं, आणि पुढच्या बाजूवर काट न मारता पाकीट मुंबईला धाडलं. मुंबईच्या माणसांनी शाईची बाजू वाचली. त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं.

संध्याकाळी त्याने ते पत्र बायकोपुढे ठेवलं. जगदेवी सुपात ज्वारी निवडत होती. तिने पत्र ऐकून घेतलं.

"मग आडलं कुटं?" ती म्हणाली. "पाटवा की आनखी."

"अगं, ते माझं न्हाय. मालकांचं हाय. मी नुसता हमाल."

"अक्षर कुनाचं?"

"माझं. पण हमालाच्या पाठीवर पोतं आसतं म्हणून ज्वारी त्याची हुती व्हय?"

जगदेवीने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "मला ज्वारीतलं कळतं, लिवण्यातलं न्हाय. पण सोळा वर्सं तुमी लिवताय आन हे पयलं कुनाला तरी आवडलंय. देवानं दार उगडलं तर कडी कुनी काडली म्हनून इचारू नये."

आठवड्याने कराराचा कागद आला. त्यात एक ओळ होती: 'सदर लेखन माझे स्वतःचे असून अन्य कोणाचेही नाही.' त्या ओळीखाली सही करताना चनमल्लप्पाचं अक्षर असं वाकडं आलं, की ती सही तरी त्याची स्वतःची आहे का, अशी शंका यावी. पण त्याने सही केली. सोळा वर्षं साभार परत आलेल्या लिखाणाने पलंगाखालची ट्रंक भरली होती, आणि माणूस शेवटी माणूसच असतो.

'शेठजींचा पत्रव्यवहार' सुरू झाला आणि गाजला. निर्माते कळवायचे की मुंबईत लोक गुरुवारी संध्याकाळी शेजाऱ्यांकडे जाऊन बसतात, फक्त शेठजींसाठी. सोलापुरात मात्र याचा कोणाला पत्ता नव्हता, कारण त्या काळी सोलापुरात टेलिव्हिजन दिसतच नव्हता. खुद्द लेखकाने तो वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिला होता, तोही बंद असलेला.

चनमल्लप्पाचं मन मात्र त्याला खात होतं. त्याचे वडील अक्कलकोटला मास्तर होते. ते गेले तेव्हा शिवप्पांनी त्याला बोलावून घेऊन नोकरी दिली होती, आणि त्याच्या लग्नात वऱ्हाडाला अंथरायला दुकानातल्या कोऱ्या चादरी पाठवल्या होत्या. असा माणूस, आणि आपण त्याचे शब्द आपल्या नावावर खपवतो. मुंबईहून पाकीट आलं की तो मुकाट्याने गादीपाशी जाऊन शिवप्पांच्या पाया पडायचा.

"रजा पायजे का रे?" शिवप्पा विचारायचे.

"न्हाय मालक."

"मग सारखं पाया का पडतोस? मी आजारी दिसाया लागलोय व्हय?"

आणि नेमकं तेच झालं. श्रावणाच्या तोंडाशी डॉक्टरांनी शिवप्पांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली आणि काटा पाहून मान हलवली. रक्तदाब. राग बंद. शिवप्पांच्या पत्नी सुंदरम्मा अर्धवट काही करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी नवऱ्याला सिद्धेश्वराच्या देवळात नेलं, कपाळी भस्म लावलं आणि शपथ घ्यायला लावली: गड्ड्याच्या जत्रेपर्यंत कोणावरही रागवणार नाही. गड्ड्याची जत्रा संक्रांतीला. म्हणजे पुरते पाच महिने.

शिवप्पा शब्दाचे पक्के. मालमोटारीने पुन्हा गठ्ठे भिजवून आणले, तर म्हणाले, "शिव शिव, पाऊस हाय, ते तरी काय करनार." शेळी पुन्हा आली, तिला त्यांनी हाताने पाला घातला. इकडे पेटीतली पत्रं संपली, आणि तिकडून निर्मात्यांचं पत्र आलं: 'दिवाळीसाठी सहा नवी पत्रे तातडीने हवीत. आपल्या लेखणीचा झरा अखंड आहे, हे आम्ही जाणतो.' झरा गादीवर बसून ताक पीत होता.

चनमल्लप्पाने स्वतः एक पत्र लिहून पाहिलं, पण दोन ओळींतच पेन खाली ठेवलं. समोर मालक नाहीत, पान नाही, ओरडा नाही, तर लिहायचं काय? तेव्हा त्याने वाकडी वाट धरली. आधी चादरी उलट्या बाजूने घडी घालून ठेवल्या. शिवप्पा म्हणाले, "दोन्ही बाजू देवानंच केल्यात." मग चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. शिवप्पांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सुंदरम्मा म्हनतीच, साखर कमी करा."

शेवटी नातेपुत्याचा महिपती आला. जुनं गिऱ्हाईक. सात वर्षं वापरलेली मोराची चादर काखोटीला मारून तो नवी घ्यायला आला होता. चनमल्लप्पाने त्याला पायरीवरच गाठलं.

"महिपतराव, नवी इकत कशाला घेताय? मोराचा रंग उडालाय म्हणून भांडा की. चांगलं जोरात भांडा."

"सात वर्सांनी?" महिपती म्हणाला. "लाज वाटती."

"लाजू नका. मालकांना आवडतं."

महिपती भांडला. जोरात भांडला. चनमल्लप्पा कागद घेऊन गादीमागे तयार उभा राहिला. शिवप्पांनी चादर हातात घेतली, मोराच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "म्हातारा झाला बिचारा. चनमल्ला, ह्यांना नवा मोर दे."

महिपतीने ही गोष्ट नातेपुत्यात पारावर सांगितली. पुढच्या बाजाराच्या दिवशी आठजण आठ जुन्या चादरी घेऊन आले. त्या पुढच्या आठवड्यात एसटी भरून आली. एकाने आजोबांच्या वेळची चादर आणली, तिला मोर होता की कमळ हे सांगणंही कठीण होतं. एकाने चादरीऐवजी पोतं आणलं आणि ही पूर्वी चादर होती असं शपथेवर सांगितलं. रांग गल्लीच्या कोपऱ्यावर वळली. शिवप्पा हसतमुखाने नव्या चादरी वाटत होते, आणि दुकानातल्या फळ्या एकेक करून उघड्या पडत होत्या.

"शपत घातली ती जीव वाचवायला," सुंदरम्मा ताकाचा तांब्या घेऊन दारात उभ्या राहून म्हणाल्या. "हितं दुकानच मराया लागलं की. हे खूळ काडलं कुनी?"

चनमल्लप्पाला ते सोसवेना. ज्या हातांनी त्याला पोटाला लावलं होतं, तेच हात त्याच्यामुळे रिकामे होत होते. तो हातातला कागद खाली ठेवून गादीसमोर उभा राहिला आणि भरल्या रांगेदेखत त्याने सगळं सांगून टाकलं. महिपतीला आपणच बोलायला लावलं. चहात मीठ आपणच टाकलं. मालकांची पत्रं मुंबईला आपल्या नावाने जातात, आणि तिथे ती टेलिव्हिजनवर दाखवतात.

शिवप्पांचे आधी कान लाल झाले, मग मान, मग टक्कल. रांग दोन पावलं मागे सरकली. सवयीने चनमल्लप्पाचा हात पेनाकडे गेला.

"शपत," सुंदरम्मा म्हणाल्या.

 रांगेकडे पाहून शिवप्पा म्हणाले, "साकु, पुरे झालं. आज दुकान बंद." रांग पांगली. मग ते चनमल्लप्पाकडे वळले.

"म्हंजे माझा राग तू मुंबईला इकलास."

"व्हय मालक."

"आन तितं लोक मला हसत्यात."

"व्हय मालक. पण मायेनं हसत्यात."

"ते मी बगतो. महादेवीच्या घरमालकाकडं हाय ती टेलिव्हिजनची पेटी, पुन्याला. येत्या गुरुवारी जायचं. त्यात माझी मान खाली जाईल असा एक शब्द जरी निगाला, तर तू तिकडनंच मुंबईला जा. हितं परत येऊ नको."

महादेवी म्हणजे शिवप्पांची लेक, पुण्याला दिलेली. गुरुवारी तिघं सकाळच्या गाडीने निघाले. सुंदरम्मांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती. चनमल्लप्पाने आपल्या वाटची भाकरी तशीच परत बांधून ठेवली. सोळा वर्षं ज्या गोष्टीची वाट पाहिली, ती आज पहिल्यांदा डोळ्यांनी दिसणार होती, आणि ती बघून संपताच नोकरी जाणार होती.

महादेवीच्या घरमालकांच्या खोलीत चाळीसएक माणसं बसली होती. शिवप्पांना पाहुणे म्हणून एकुलती एक खुर्ची मिळाली. पेटी उजळली. एक लठ्ठ नट गादीवर बसून पान खात होता. "दिसतो तुमच्यावानी," सुंदरम्मा पुटपुटल्या. नटाने कारकुनाला कागद घ्यायला सांगितलं आणि मालमोटारवाल्याला पत्र सुरू केलं:

'आपले कृपापत्र पावले. आभारी आहोत. आपण आणलेल्या चाळीस चादरी पोचल्या. त्या वाटेत न्हाऊन आल्या हे पाहून आनंद झाला. आमच्या घरची माणसेसुद्धा रोज न्हात नाहीत. पुढच्या खेपेस अंग पुसायला टॉवेल आम्ही धाडावा, की ती सोयही आपणच कराल, हे कळवावे म्हणजे उपकार होतील.'

खोली हसण्याने दणाणली. एक आजोबा हसता हसता भिंतीला टेकले. मग शेळीचं पत्र झालं. गेल्या वर्षी नागपूरच्या गिऱ्हाइकाने याच मालाला नाक मुरडलं होतं, म्हणून आता शेळीचा अनुकूल अभिप्राय लेखी मिळाल्यास दुकानात लावू, असं शेठजी तिच्या मालकाला कळवत होते. चनमल्लप्पाला पेटी दिसत नव्हती. तो फक्त शिवप्पांचा चेहरा बघत होता, आणि तो चेहरा दगडाचा झाला होता.

कार्यक्रम संपला. माणसं डोळे पुसत निघून गेली. शिवप्पा खुर्चीतून उठले नाहीत.

"चनमल्ला," ते म्हणाले, "हे कुनी लिवलं?"

"तुमी सांगितलं मालक. मी उतरवून घेतलं."

"खोटं बोलू नको. माझं तोंड हाय, त्यातनं काय बाहीर पडतं ते मला ठावं. मालमोटारवाल्याला मी काय म्हनलो हुतो? गाढवा, तुझी मोटार वढ्यात घाल. इतकंच. बाकी समदं कन्नडमदी हुतं, आन ते बायकांसमोर सांगन्यासारखं न्हाय."

"मग टॉवेल?"

"कसला टॉवेल? राग आल्यावर टॉवेल सुचतो व्हय कुनाला? आन हे आभारी-बिभारी काय? मी जल्मात कुनाचं आभार मानलं न्हाय."

"तीस वर्सं संसार केला," सुंदरम्मांनी दुजोरा दिला. "एकदा बी न्हाय."

चनमल्लप्पा आठवू लागला. त्याच्या वडिलांनी लहानपणी पाटीवर पत्र लिहायला शिकवताना बजावलं होतं, की पत्र वैऱ्याला असलं तरी पहिली ओळ आभाराची. त्याने आपल्यावर केलेला एखादा तरी उपकार शोधून काढायचा आणि मग पुढे लिहायचं. नऊ वर्षं तो मालकांच्या शिव्यांत उपकार शोधत बसला होता. ते इतकं सवयीचं झालं होतं, की ते आपण करतोय हेच तो विसरला होता. त्याचे डोळे भरून आले. करारावरची सही खरी निघाली होती.

"पण मालक, तुमी ओरडल्याबिगर मला एक ओळ सुचत न्हाय. तुमचे उपकार—"

"गप. आता पत्रागत बोलू नको." शिवप्पांनी बंद पेटीकडे पाहिलं. त्यांची शाळा कन्नड, मराठी अक्षराशी त्यांची ओळख दुरूनच. "मला वाचता आलं आसतं तर बरं झालं आसतं रे. मी ती पत्रं का धाडत नव्हतो, ठावं हाय? राग उतरला की भ्या वाटायचं. वाटायचं, मी बोललो तेच त्यात लिवलंय. त्यात हे हाय म्हनून कळलं आसतं, तर समदी धाडली आसती."

सोलापूरला परतल्यावर शिवप्पांनी पहिलं काम तेच केलं. महिपतीला पत्र गेलं, नऊ वर्षांतलं पहिलं पोस्टात पडलेलं पत्र: 'आपल्या गावी दिलेल्या आमच्या लेकी इतक्या वर्षांनी माहेरी आल्या, आभारी आहोत. सासरी त्यांना सात सात वर्षे अंगावर घेऊन निजवले, हेही उपकारच. आता त्यांच्या जागी धाकट्या बहिणी नेल्या आहेत, त्यांना तरी म्हातारपणी टाकू नये.' चार दिवसांनी महिपती आला. त्याने नवी चादर गादीवर ठेवली, खाली मान घालून जुना मोर मागून घेतला आणि निघून गेला. पुढच्या बाजाराला रांग लागली नाही.

शिवप्पांनी दुसरं काम केलं ते म्हणजे कुठूनतरी दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदांचा एक दस्ता पैदा केला आणि चनमल्लप्पाच्या हातात ठेवला. "पाठकोऱ्यावर लिवू नको आता," ते म्हणाले. "लेखक हायस."

चनमल्लप्पाने तो दस्ता कपाळाला लावला. दिवाळीची सहा पत्रं त्याने तीन दिवसांत पुरी केली, शिवप्पा शपथ न मोडता, नुसती रागाची आठवण सांगत बसले तेवढ्यावर. मग सोबत, मोठ्या आशेने, 'गावजावयाची वरात'ही नव्याने लिहून काढली. यावेळी शाईने, सुवाच्य अक्षरात, पानाच्या एकाच बाजूला. पोस्टात टाकायच्या आधी जगदेवीने पाकिटाला हळदीकुंकू लावलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. चनमल्लप्पाने ते दुकानातच मोठ्याने वाचलं: 'सहा पत्रे उत्तम. आणखी चौदा कागद मिळाले. त्यांच्या एका बाजूला आपले नेहमीचे कच्चे लिखाण आहे, परंतु दुसरी बाजू कोरीच आली आहे. मूळ लेखन लिहायचे राहून गेले काय? कृपया त्वरित पाठवावे.'

चनमल्लप्पाचे आधी कान लाल झाले, मग मान. नऊ वर्षांत प्रथमच त्याचा पारा चढत होता. शिवप्पांनी ते पाहिलं, सरकून गादीवर जागा केली आणि पानाचा डबा त्याच्यापुढे धरला.

"कागद घे, चनमल्ला," ते म्हणाले. "गाढवा म्हनावं त्याला."

चनमल्लप्पाने पान तोंडात टाकलं, कागद घेतला, वर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' लिहिलं आणि दात-ओठ खात पहिली ओळ घातली: 'आपले कृपापत्र पावले. आभारी आहोत.'